तू घरचा नव्हतास, महादू

महादू, तुझ्यावर चिडूनच लिहायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं म्हणतात, पण तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे या चार महिन्यांत इतके भेटले की माझे कान किटले. सगळ्यात चांगलं बोलला तो अण्णा, आपला मालक. कापडदुकानाच्या गादीवर बसून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "महादू म्हंजे नोकर नव्हता हो, घरचा माणूस. आन् गेला बी घरच्याच कार्यात. लई भाग्यवान." मी दुकानाचा मुनीम. शेजारी बसून खाली मान घालून ऐकायचो. बावीस वर्षं हेच ऐकत आलो होतो.

भाग्यवान म्हणे. वैशाखाचं ऊन, मांजरसुंब्याच्या रस्त्यावरचं मंगल कार्यालय आणि अण्णाच्या पुतण्याचं लग्न. दुकान त्या दिवशी बंद, म्हणजे आम्हा सगळ्यांना सुट्टी. तू मात्र सकाळी सहापासून पायावर उभा. चौथी पंगत वाढताना पाण्याच्या टाकीजवळ खाली बसलास तो परत उठला नाहीस. आचारी सांगतो, छातीवर हात ठेवायच्या आधी तू हातातलं जिलबीचं ताट नीट खाली ठेवलंस, एक जिलबी सांडू दिली नाहीस. लोक हे कौतुकानं सांगतात. मला त्या ताटाचा संताप येतो. अरे, मरताना तरी हातातून सोडायचं होतंस.

दुसऱ्या पंगतीला मी बसलो होतो. आपलं बोलणं बंद होऊन दहा दिवस झाले होते. तू वाढत वाढत आलास, माझ्याकडे न बघता माझ्या पानात दोन जिलब्या जास्तीच्या टाकल्यास आणि पुढे गेलास. मीही मान वर केली नाही. म्हटलं, आता लोकांत कशाला, उद्या दुकानात बोलू.

तुला आठवतं का, मी दुकानात लागलो त्या पहिल्या दिवशी तुला विचारलं होतं, "तुम्ही पण इथं कामाला का?" तर तू मला डोक्यापासून पायापर्यंत बघून म्हणालास, "कामाला तुमी. मी घरचा हाय." मी धारूरसारख्या लहान गावातून आलेला, मला वाटलं हा मालकाचा चुलतभाऊ असणार. दोन महिने तुला 'मालक' म्हणत होतो आणि तू ऐकून घेत होतास. खरं कळल्यावर मी चिडलो तर तू पोट धरून हसलास आणि त्या दिवसापासून मला नावानं हाक मारायचं सोडून 'धारूरकर' म्हणायला लागलास. सारखा 'बे' लावून. "काय बे धारूरकर, भाकर आणली का?" तुझ्या डब्यात लिंबागणेशहून आणलेला ठेचा असायचा आणि तो तू आधी माझ्या भाकरीवर टाकायचास. इतकी वर्षं तो ठेचा खाल्ला, म्हणून तुझ्याशी भांडायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

घरचा माणूस म्हणून तुला काय मिळालं ते सांग. दिवाळीला आम्हाला थोडाफार बोनस मिळायचा, तुला पँट-शर्टाचं कापड. घरच्याला बोनस कसा द्यायचा, त्याला वाईट वाटेल, असं अण्णा म्हणायचा आणि तू मान डोलवायचास. आठवड्याची सुट्टी आम्हाला होती. तू त्या दिवशी अण्णाच्या घरी जायचास, गिरणीतून दळण आणायचास, गॅसची टाकी चढवायचास, म्हातारीला दवाखान्यात न्यायचास. एकदा लिफ्ट बंद होती तर अण्णाच्या आईला पाठीवर घेऊन तीन मजले चढलास. तिच्यावर तुझा खरा जीव होता आणि तिचाही तुझ्यावर, ते मी नाकारत नाही. ती गेली तेव्हा अण्णापेक्षा तू जास्त रडलास. पण तिच्या दिवसांच्या जेवणाचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात, ही आपल्याकडची रीत. त्या शेवटच्या पंगतीला अण्णा बसला, त्याचे दोघं भाऊ बसले, सुना बसल्या, नातवंडं बसली. वाढायला तू होतास. तू जेवलास ते भांडी घासायला आलेल्या बायांबरोबर, भिंतीला टेकून, आणि तरी तृप्त.

कामात मात्र तुझ्या तोडीचा माणूस बीडच्या बाजारात मी पाहिला नाही. लग्नाचा बस्ता काढायला आठ-दहा माणसांचं कुटुंब गादीवर येऊन बसलं की तू आधी नवरीच्या बापाच्या चपलांकडे बघायचास. चपला झिजलेल्या दिसल्या की मानपानाच्या साड्यांचा गठ्ठा असा सोडायचास की स्वस्तातली पण चांगली वीण असलेली साडी सगळ्यात वर यावी. "ह्यो रंग बगा पाव्हनं, लेकीच्या सासूला शोभून दिसंल." बापाला चारचौघांत 'यापेक्षा कमी दाखवा' म्हणायची वेळ तू येऊ दिली नाहीस. कुणी शिकवलं नव्हतं तुला हे. गिऱ्हाईक उठून गेलं की अण्णा कुरकुरायचा, भारीतला माल कावून नाही दाखवलास म्हणून. तू म्हणायचास, "अण्णा, त्यांना दुसऱ्या लेकीच्या लग्नाला बी आपल्याकडंच यायचंय." आणि ती माणसं यायची, तुझंच नाव काढत यायची. दुकान तुझ्या जिभेवर चालत होतं, महादू. हे अण्णाला माहीत होतं, तुलाही माहीत होतं, आणि तरी तू त्याच्याकडे कधी एक कागद मागितला नाहीस.

आता माझं पाप सांगतो. दुकानात माणसं चौदा होती. हजेरीची वही मी लिहायचो आणि त्या वहीत नावं नऊ होती. का नऊ, ते व्यापारात सगळ्यांना माहीत असतं, कामाला असणाऱ्यांनाच तेवढं माहीत नसतं. दहावं माणूस आलं की कायदा दुकानात शिरतो. ग्रॅच्युइटी द्यावी लागते, बाईला बाळंतपणाची पगारी रजा द्यावी लागते. म्हणून अण्णानं सांगितलं होतं, "मुनीम, वही नवाच्या पुढं जाऊ द्यायची न्हाई." नाही गेली. माझं अक्षर चांगलं आहे, तू नेहमी म्हणायचास. त्याच चांगल्या अक्षरात मी बावीस वर्षं खोटं लिहिलं. पोट होतं, लेकरं होती, हे सगळं खरं आहे आणि त्यानं काही बदलत नाही.

एकदा तपासणीला साहेब आले होते. वरच्या मजल्यावरचे तिघं मागच्या दारानं चहाला गेले, बायकांच्या काउंटरची नसीम कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसली. तू मात्र गादीवरून हललासुद्धा नाहीस. साहेबांनी वही बघितली, तुझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोण? यांचं नाव दिसत नाही." अण्णा उगाच समोरच्या साड्यांच्या घड्या घालायला लागला. तू हसून म्हणालास, "सायेब, माजं नाव कशाला असंल त्याच्यात? मी घरचा हाय." साहेब गेले. अण्णानं तुझ्या पाठीवर थाप मारली आणि तुझ्यासाठी लस्सी मागवली. एका लस्सीवर तू तुझीच नाही, आम्हा चौदाही जणांची ग्रॅच्युइटी पिऊन टाकलीस. आणि वर मला विचारलंस, "पितो का बे घोटभर?"

नसीमचं तर मला अजून बोलवत नाही. चार वर्षं ती बायकांच्या काउंटरला उभी होती, ड्रेस मटेरियल तिच्याएवढं कुणी विकत नव्हतं. दिवस गेल्यावर तिनं पगारी रजा मागितली. तिच्या बहिणीला मिळाली होती, तिला कायदा माहीत होता. अण्णा म्हणाला, आपल्याकडं नऊच माणसं, आपल्याला ते लागत नाही. ती वकिलाकडे जाणार होती. तू तिला थांबवलंस. "नसीम, मालकाला कायदा दाखवू नगं, मी बोलतो त्यांच्याशी." बोललास. अण्णा म्हणाला, बघू. बघू बघू म्हणता पुढच्या महिन्यात तिच्या जागेवर नवीन मुलगी उभी होती. मग तुझा जीव खाली-वर झाला आणि स्वतःच्या पैशानं झबली-टोपड्यांचं कापड घेऊन तू तिच्या घरी गेलास. मी बरोबर होतो. बाळाला मांडीवर घेऊन ती एवढंच म्हणाली, "महादूभाई, टोपडा नक्को था. मेरेकू छुट्टी होना थी."  परत येताना मला वाटलं, आता तुझे डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू अण्णाच्या घरून येताना त्याचा डबा घेऊन आलास, रोजच्यासारखा.

आणि मग ते भांडण. अण्णाच्या पुतण्याच्या लग्नपत्रिका वाटायला आपण दोघं दुकानाची व्हॅन घेऊन धारूरला गेलतो. येताना केजवरून मांजरसुंब्याला आलो आणि चौकातल्या धाब्यावर चहाला थांबलो. तिथून तुला लिंबागणेशची गाडी मिळते, म्हणून तू तिथंच उतरणार होतास. माझा मेव्हणा नुकताच कारखान्यातून रिटायर झाला होता, त्याला ग्रॅच्युइटी मिळाली होती. तेच डोक्यात घोळत होतं. मी तुला म्हणालो, महादू, तुला सव्वीस वर्षं झाली. दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, असा हिशेब आहे. तुझ्या लेकीचं, पूजाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, लातूरचा खर्च आहे. तू नुसता हो म्हण, मी वहीत खरी नावं लिहितो, चौदाच्या चौदा, मग अण्णा काय करायचं ते करो. इतकी वर्षं गोळा केलेलं धाडस होतं ते माझं. तू ते एका वाक्यात मोडलंस.

"कावून माज्या मागं लागलास बे? नोकराच्या वहीत नाव घालून माजी किंमत कमी करायलास."

"किंमत कमी नाही होत, हक्क लागतो."

"हक्क परक्याकडं मागत्येत, धारूरकर. घरात कुनी हक्क मागतं का?"

मला राग आवरला नाही. व्हॅनमध्ये उरलेली एक पत्रिका होती, ती मी तुझ्यापुढे टाकली. "वाच," म्हटलं. 'आपले विनीत' खाली एकोणीस नावं. अण्णा, त्याचे भाऊ, चुलते, मेव्हणे, पुण्याला राहणारे आणि दहा वर्षांत बीडला न फिरकलेले जावई. खाली कोपऱ्यात 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी तीन लेकरं, त्यातलं एक तर अजून बोलायलाही लागलं नव्हतं. मी म्हणालो, "तुझ्या घरच्यांनी तुला कुठं घातलंय, दाखव. माझ्या वहीत तू नाहीस आणि ह्यांच्या पत्रिकेत पण तू नाहीस. मग तू आहेस कुठं?"

तू खरंच वाचलीस. बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत, जणू चुकून राहून गेलं असेल असं. मग पत्रिका घडी करून खिशात ठेवलीस, अर्धा चहा तसाच टाकून उठलास आणि रस्ता ओलांडून गेलास. ते मी बोलायला नको होतं. खरं होतं म्हणूनच बोलायला नको होतं, निदान तसं, धाब्यावर, चार ड्रायव्हरांसमोर. माफी मागायची राहिली, महादू. दहा दिवस मी ती जिभेवर घेऊन फिरत होतो आणि तू नुसतं "मुनीम, बिल करा" एवढंच बोलत होतास. 'धारूरकर' बंद, 'बे' बंद. त्या 'मुनीम'नं मला जेवढं टोचलं तेवढं तुझ्या शिव्यांनी कधी टोचलं नाही. तरीही लग्नाच्या दिवशी तू सहाला हजर. घरच्यांनी पत्रिकेत घातलं नाही म्हणून एक दिवस तरी रुसायचं, घरी बसायचं. बसला असतास तर कदाचित आज असतास.

तेराव्याला अण्णा लिंबागणेशला तुझ्या घरी आला होता. गाडी भरून माणसं घेऊन, कपाळाला विभूती, डोळ्यांत पाणी. पाणी खरं होतं असंच मला वाटतं, त्याचा मला जास्त राग येतो. त्यानं सुमनवहिनींच्या हातात पाकीट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, काळजी करू नगा. दुकानात झाडलोटीला या. तुमी बी घरच्याच." अरे महादू, तू गेलास त्याला तेरा दिवस झाले होते आणि त्यांना तुझ्या जागेवर घरचं दुसरं माणूस लागत होतं. वहिनींनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. परत त्याच्यापुढे धरलं. "हे ऱ्हाऊ द्या अण्णा. ह्यांचं हिशेबानं काय निघतं ते द्या."

"ह्यांचं काय निघणार?" अण्णाला खरंच कळलं नव्हतं. "घरच्याचं काय निघत असतं का वैनी?"

गाड्या गेल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. वही, नऊ नावं, साहेब, लस्सी, धाबा, पत्रिका, सगळं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी हे बाहीर सांगशाल का? सायबापुढं?" मी हो म्हणालो. किती वेळानं म्हणालो ते विचारू नकोस. लगेच म्हणालो नाही.

पुढचं तुला आवडणार नाही, तरी ऐक. वहिनींनी वारस म्हणून अर्ज केला. अण्णानं महिनाभर उत्तर दिलं नाही, म्हणून कामगार कार्यालयात तक्रार केली. मी लेखी दिलं की दुकानात चौदा माणसं आहेत आणि वही माझ्या हातानं खोटी लिहिली आहे. त्या संध्याकाळी अण्णानं मला बोलावलं. ओरडला नाही. "तुमाला बी घरचं समजत व्हतो मुनीम," म्हणाला, आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला. आता मी एका खताच्या दुकानाचं लिहिणं करतो. तिथल्या वहीत जेवढी माणसं आहेत तेवढीच दुकानात आहेत. मी पहिल्या दिवशीच मोजून घेतली.

अण्णाच्या वकिलाचं उत्तर आलं. 'मयत महादेव हे आमच्या कुटुंबातील सदस्य होते, त्यांच्यात व आमच्यात मालक-कामगार असे नाते कधीही नव्हते.' वहिनींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. 

परवा तारीख होती. कामगार अधिकारी मॅडम होत्या, वयानं आपल्या पूजाची मोठी बहीण शोभतील एवढ्या. अण्णा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, शेजारी वकील. नसीम साक्षीला आली होती, लेकराला कडेवर घेऊन. तिनं आपण चार वर्षं तिथं कामाला होतो ते सांगितलं, तपासणीच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत कशी बसली तेही सांगितलं. मी माझं सांगितलं. सांगताना अण्णाकडे बघवत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय आहे खाली मान घालायची. मग मॅडमनी अण्णाला विचारलं, "महादेव तुमच्याकडे कामाला होते?"

"कामाला असं न्हाई मॅडम. घरचा माणूस व्हता. यायचा, बसायचा, हाताला हात लावायचा."

"पगार?"

"घरच्याला कुनी पगार देतं का? लागंल तसं न्यायचा."

मला वाटलं, गेलं सगळं. तुझं नाव एकाही कागदावर नव्हतं. तुझ्या सव्वीस वर्षांचा पुरावा म्हणजे एक खोटं लिहिणारा मुनीम आणि कामावरून काढलेली एक बाई. वकील आरामात मागे टेकला होता. तेवढ्यात वहिनी उठल्या. पदर खांद्यावर घेतला आणि भाजीवालीला भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "अण्णा, खरंच हे घरचे व्हते का?"

"देवाशप्पत वैनी. माज्या पाठचा भाऊच समजा."

"समजा न्हाई. व्हते का न्हाई तेवडं सांगा. तुमच्या कागदावर तर तसंच लिवलंय."

"व्हता वैनी. भाऊच व्हता माजा."

"मंग त्यांची वाटणी द्या."

खोलीत कुणालाच आधी काही समजलं नाही. वहिनी थांबल्या नाहीत. "आई गेल्यावर तुमी तिघांनी वाटण्या केल्या. दुकान तुमाला, शेत मधल्याला, बार्शी रोडचा प्लाट धाकट्याला. मंग चवथा भाऊ कुटं व्हता? त्या कागदाच्या झेराक्स काडायला तर तुमी ह्यांनाच धाडलतं. घरी येऊन मला सांगत व्हते, किती गुण्यागोविंदानं झालं म्हणून. आता चवथा हिस्सा काडा. मला ग्रॅच्युइटी नगं. मी अर्ज मागं घेते, मॅडम. मला ह्यांच्या भावाची वाटणी पायजे."

अण्णाचा चेहरा मी बावीस वर्षं बघतोय, महादू, पण असा कधी बघितला नव्हता. वकिलानं त्याची बाही धरली, त्यानं ती झटकली आणि उभा राहिला. "काय बोलायल्यात वैनी? नोकराला कुटं वाटणी असती का? सव्वीस वर्षं पगार दिलाय म्या त्याला! दर म्हैन्याला, येक बी चुकवला न्हाई."

मॅडमनी पेन उचललं. "किती वर्षं म्हणालात?"

"मॅडम, ते रागाच्या भरात..." वकील म्हणाला.

"त्यांना सांगू द्या." मॅडम अण्णाकडेच बघत होत्या. "घरचे होते की नोकर होते? एकच काय ते सांगा, मी लिहून घेते."

अण्णानं वहिनींकडे बघितलं. त्या तशाच उभ्या होत्या, उत्तराची वाट बघत, आणि मला खात्री आहे, तो 'भाऊ' म्हणाला असता तर त्या त्याच पावली वाटणीच्या दाव्याला गेल्या असत्या. अण्णानं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच मी मान खाली घातली नाही.

"नोकर व्हता," अण्णा म्हणाला.

बाहेर आल्यावर नसीम हसत होती, मीही हसत होतो, दोघं एकमेकांना टाळ्या देत होतो. वहिनी पायरीवर बसल्या होत्या आणि रडत होत्या. मी म्हणालो, वहिनी, हेच तर त्याच्या तोंडून पाहिजे होतं, तुम्हीच तर काढून घेतलंत. त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय भावजी. पर त्यांना नोकर म्हणला ओ. ह्यांनी आयकलं असतं तर जेवले नसते दोन दिस." मग माझंही हसू गेलं. तू ऐकलं असतंस तर वहिनींवर चिडला असतास, मॅडमवर चिडला असतास, अण्णावर मात्र चिडला नसतास. त्याच्यासाठी काहीतरी कारण शोधून काढलं असतंस, त्याची तब्येत बरी नसेल, वकिलानं शिकवलं असेल. एवढ्या वर्षांत तू दुसरं केलंस काय?

पैसे अजून हातात पडलेले नाहीत. वकील आणखी फाटे फोडेल, तारखा पडतील, पूजाच्या फीची सोय सध्या तिच्या मामानं केली आहे. पण तो जबाब आता पुसता येणार नाही. त्याची नक्कल मी काढून आणलीय, वहिनींना एक आणि मला एक. माझ्यापुढेच आहे. 'मयत महादेव हा माझ्या दुकानात सव्वीस वर्षे नोकर होता व त्यास दरमहा पगार देत होतो.' खाली अण्णाची सही आहे, पूर्ण नावानिशी.

वाईट वाटून घेऊ नकोस, महादू. सव्वीस वर्षांत अण्णा तुझ्याबद्दल पहिल्यांदाच खरं बोलला.